उन्हाचा भाव

श्रोतेहो, चैत्र संपत आला होता. जव्हारहून मोखाड्याकडे जाणारा डोंगररस्ता दुपारी बाराच्या सुमारास असा तापतो की पायात चप्पल असूनही चटका जाणवतो. अशाच एका दुपारी कॉलेजच्या मुलांचे श्रमदान शिबिर घेऊन मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर होतो. पाड्याच्या मधोमध एक लोखंडी खांब उभा होता. खांबावर सोलरची प्लेट, तिच्याखाली बॅटरीची पेटी आणि दिवा. पण दिवा काही लागत नव्हता. खांबाला कोणीतरी शेळी बांधली होती. शेजारी ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी विचारले, "आजी, हा दिवा कधीपासून बंद आहे?" त्या म्हणाल्या, "दोन पावसाळे चांगला लागला, गुरुजी. मंग इझला. बॅटरी गेली म्हणतात. नवीन बॅटरीला पैसं लागतात. पण मला सांगा, ऊन तर देवाचं. त्याला पैसं कशाला?"

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. गेली कित्येक वर्षे मी अर्थशास्त्र शिकवतो आहे. वस्तूची किंमत कशी ठरते हा तर आमचा रोजचा धडा. तरी आजींच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला जमले नाही. तेच उत्तर आज जरा सावकाशीने द्यावे, असा माझा विचार आहे. सूर्यापासून होणाऱ्या विजेचा भाव कसा ठरतो, तो इतका उतरला कसा, आणि तो उतरूनही आपल्या पाड्यावरचा दिवा का विझतो, हे आपण पाहू.

प्रथम ही प्लेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. काही पदार्थांवर उजेड पडला की त्यांत वीज निर्माण होते, ही गोष्ट बेकेरेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली पाहिली. पण तिचा व्यवहारात उपयोग व्हायला शंभरावर वर्षे लागली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनची पहिली कामाची सौरपट्टी तयार झाली. सिलिकॉन म्हणजे वाळूतून काढलेले मूलद्रव्य. त्या पट्टीवर शंभर भाग ऊन पडले तर त्यातल्या सुमारे सहा भागांची वीज होई. आजच्या चांगल्या प्लेटा वीस भागांहून अधिक ऊन विजेत उतरवतात. या यंत्राला फिरणारे चाक नाही, धूर नाही, आवाज नाही. वर ऊन पडले की खाली तारेतून वीज येते.

आता मापाचा शब्द. दूध लिटरने मोजतात, तशी वीज युनिटने मोजतात. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. आपल्या घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा एका युनिटात १११ तास जळतो. आपल्याकडे एक किलोवॉटच्या, म्हणजे हजार वॉटच्या प्लेटा छपरावर बसवल्या तर वर्षाची सरासरी काढून दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. उन्हाळ्यात अधिक, श्रावणात कमी. वर्षाची १,४०० युनिटे धरून चालू.

आता आपण भावाकडे येऊ. कोळशावरची वीज म्हणजे बैलजोडी पाळण्यासारखी आहे. बैल विकत घ्यायचे आणि वर रोज वैरणही घालायची. वैरण महागली की नांगरणी महागली. उन्हाची वीज ही आंब्याच्या कलमासारखी आहे. खड्डा, खत, कुंपण, रोप, सगळा खर्च पहिल्यांदा. मग वीस-पंचवीस वर्षे फळ खायचे. झाडाला रोजची वैरण लागत नाही, राखण तेवढी लागते. आपल्या जव्हार-मोखाड्यात आंबा-काजूच्या वाड्या करणाऱ्या बंधुभगिनींना हा हिशेब मी सांगायला नको.

हिशेबापुरते असे धरू की एक किलोवॉटचा संच ६०,००० रुपयांना पडला आणि तो २५ वर्षे चालला. २५ वर्षांची युनिटे झाली ३५,०००. भागाकार केला तर एक युनिट सुमारे १ रुपया ७१ पैशांना पडले. फारच स्वस्त! पण थांबा. हे पैसे ज्याच्या घरात पडून आहेत त्याचा हा हिशेब झाला. ज्याने ते ६०,००० रुपये कर्जाने काढले, दरसाल शेकडा ६ व्याजाने, आणि २५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडले, त्याला तेच युनिट ३ रुपये ३५ पैशांना पडते. व्याज शेकडा १० झाले तर ४ रुपये ७२ पैशांना. प्लेट तीच, ऊन तेच, छप्पर तेच. आणि भाव जवळजवळ तिप्पट. आजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच मिळते. ऊन फुकट आहे, पण ऊन झेलणारे भांडे विकत घ्यावे लागते, आणि त्या भांड्यात गुंतलेल्या पैशाचे व्याज हाच उन्हाच्या विजेचा मोठा भाव आहे. म्हणून या विजेच्या दराची गोष्ट ही पुष्कळशी भांडवलाची गोष्ट आहे.

आता सरकारी धोरण काय झाले ते पाहू. २००३ सालच्या वीज कायद्याने प्रत्येक राज्यात विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगाचे काम पक्के केले. वीज विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या खरेदीचा काही ठराविक हिस्सा सूर्य, वारा, लहान धरणे अशा न संपणाऱ्या साधनांपासूनच घ्यावा, हे बंधन घालण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. मग २०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट, असे तेव्हा ठरले. एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट. २०१५ मध्ये तो आकडा पाचपट वाढवून १ लाख मेगावॉट केला गेला. २०२२ ची मुदत काही पाळता आली नाही. पण २०२५ च्या जानेवारी अखेरीस देशाने १ लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये देशातल्या एकूण वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू सोडून इतर साधनांची झाली. २०३० साठी ठरवलेली ही गोष्ट पाच वर्षे आधी घडली. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे मात्र समजू नये. सूर्य रात्री नसतो, वारा रोज नसतो. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून निम्म्याहून बराच अधिक आहे.

आता दर. आरंभी प्लेटा महाग होत्या, कारखानदार पुढे येत नव्हते. म्हणून केंद्रीय आयोगाने हिशेब करून दर जाहीर केला. २०१०-११ सालासाठी तो युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. नव्या सुनेला पहिले काही दिवस सांभाळून घेतात ना, तसा हा दर होता. पण त्याच सुमारास दुसरी पद्धतही आली, ती उलट्या लिलावाची. आपल्या बाजारात बैलाचा लिलाव होतो तेव्हा जो जास्त बोली बोलेल त्याला बैल मिळतो. इथे जो कमीत कमी दराने २५ वर्षे वीज द्यायला तयार होईल, त्याला काम मिळते. ग्रामपंचायतीचे टेंडर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे कळेल. २०१० च्या डिसेंबरमधल्या पहिल्या लिलावातच सरासरी दर १२ रुपयांच्या आसपास आला. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील तेव्हाच्या जोधपूर जिल्ह्यातल्या भाडला येथे २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात दर चक्क २ रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर उतरला. पुढे तो थोडा वर सरकला. परदेशी प्लेटांवर २०२२ च्या एप्रिलपासून शेकडा ४० जकात बसली, हे त्याचे एक कारण. देशातले कारखाने उभे राहावेत म्हणून ती बसवली. तरी १७ रुपये ९१ पैसे कुठे आणि अडीच रुपये कुठे!

हा भाव उतरला त्याला तीन गोष्टी कारण झाल्या. जगभर, विशेषतः चीनमध्ये, प्लेटांचे प्रचंड कारखाने निघाले आणि माल स्वस्त झाला. २५ वर्षांच्या खरेदीचा लेखी करार हाती असल्यामुळे बँका कमी व्याजाने कर्ज देऊ लागल्या. आणि लिलावाने नफ्याची चरबी उतरवली. म्हणजे आपण मघाशी जो हिशेब केला त्यातले भांडेही स्वस्त झाले आणि व्याजही.

इथे कोणी विचारील, "मग माझे बिल का उतरले नाही?" प्रश्न रास्त आहे. दोन-अडीच रुपये हा वाळवंटातल्या प्रकल्पाच्या फाटकावरचा भाव आहे. शेतावर कांद्याचा भाव एक आणि दादरच्या बाजारात दुसरा, तसेच हे. मनोऱ्यांच्या तारा, डीपी, गळती, वायरमनचा पगार, थकबाकी, हे सगळे त्यावर चढते. शिवाय सूर्य मावळल्यावर आपण जे दिवे लावतो त्यांची वीज दुसरीकडून आणावी लागते. दुपारी बारा वाजता वीज उतू जाते आणि संध्याकाळी सात वाजता कमी पडते, ही आज देशाची मोठी अडचण आहे. म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम केला की उन्हाच्या आठ तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा निदान शेकडा २० कमी असावा आणि गर्दीच्या वेळी तो चढा असावा. मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून आणि शेतकरी सोडून इतरांसाठी १ एप्रिल २०२५ पासून ही पद्धत ठरली. वेळ दाखवणारा मीटर असलेल्यालाच ती लागू होते. एकाच विजेला दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा भाव, ही आपल्याला नवी गोष्ट वाटेल. पण भाजीवाल्याला ती नवी नाही. सकाळची भाजी आणि संध्याकाळची भाजी एका भावाने कोण विकतो?

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवायची कशी? एक उपाय बॅटरीचा. दुसरा उपाय आपल्या सह्याद्रीतच आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे डोंगरावर एक जलाशय आणि कोकणाच्या बाजूला खाली एक जलाशय आहे. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवतात. वीज हवी असते तेव्हा तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज काढतात. ही पाण्याची बॅटरीच म्हणायची. श्रोतेहो, ही घाटघरची युक्ती लक्षात ठेवा. तिचे आपल्या पाड्यावर मला पुन्हा काम पडणार आहे.

आता महाराष्ट्राच्या शेतीकडे वळू. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळे, आणि काळोखात बांधावर सापाविंचवाची भीती. त्यावर तोडगा म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर प्लेटा बसवायच्या आणि त्या भागातल्या पंपांना दिवसा वीज द्यायची. ही वीज युनिटला सुमारे तीन रुपयांना पडते. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरसाल शेकडा ३ वाढ, असा नियम आहे. ज्यांच्याकडे सपाट माळ आहे त्यांच्यासाठी ही योजना चांगली. पण जव्हार-मोखाड्यात सपाट जमीन किती? डोंगरउतारावरची नागली-वरईची वरकस, खालच्या अंगाला भाताची खाचरे, बाकी जंगल. दोन घरे या टेकाडावर, चार घरे त्या टेकाडावर. पावसाळ्यात झाड तारेवर पडले की पाडा चार-चार दिवस अंधारात. आपला प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तरही निराळे असले पाहिजे.

आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट पाहा. मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जाते. या जलाशयावर ८० मेगावॉटच्या तरंगत्या प्लेटा आणि धरणाच्या पायथ्याशी २० मेगावॉटची जलविद्युत, अशी जोडयोजना मुंबई महानगरपालिकेने आखली. कल्पना उत्तम आहे. पाण्यावर प्लेटा ठेवल्याने जमीन अडत नाही. पण पाणी आपल्या डोंगरातले, ऊन आपल्या डोंगरावरचे, आणि दिवा लागायचा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. त्याच वेळी फेब्रुवारी-मार्चपासून आपल्या भगिनी हंडे घेऊन ओहळाच्या तळाशी उतरायच्या. मुंबईला पाणी मिळू नये असे मी म्हणत नाही. तिथे आपलीच माणसे पोट भरायला जातात. पण अशा योजनेचा भाव ठरवताना धरणाकाठच्या पाड्यांचा वाटा हिशेबात धरावा, इतके म्हणायला हरकत नसावी.

आता मला मुख्य मुद्दा सांगायचा आहे. आपल्या भागाचे पंचांग पाहा. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. त्या काळात ऊन नाही, पण पाण्याची टंचाईही नाही. दिवाळीनंतर आकाश निरभ्र होते. आणि फेब्रुवारी ते मे, जेव्हा विहिरी तळ गाठतात, तेव्हाच ऊन सर्वांत कडक असते. म्हणजे ज्या महिन्यांत पाणी वर उचलायचे असते, त्याच महिन्यांत सूर्य भरभरून देतो. गरज आणि पुरवठा यांची अशी गाठ अर्थशास्त्रात क्वचित पडते! उलट दिव्याची गरज सर्वांत जास्त असते ती आषाढ-श्रावणाच्या काळ्याकुट्ट रात्री, आणि तेव्हाच प्लेट उपाशी असते. म्हणून डोंगरी पाड्याने सौरशक्तीचे पहिले काम दिव्याचे न धरता पाण्याचे धरावे, असे माझे मत आहे.

हिशेब ऐका. एक युनिट वीज आणि बऱ्यापैकी पंप असला तर, सगळी गळती वजा जाता, सुमारे ५,००० लिटर पाणी १०० फूट उंच चढते. तीन अश्वशक्तीच्या पंपाला जोडलेल्या तीन किलोवॉटच्या प्लेटांतून दिवसाला १२ युनिटे मिळाली तर ६०,००० लिटर पाणी वर येईल. अर्थात झऱ्यात तितके असेल तर. आणि आता घाटघरची युक्ती. वर टेकाडावर २०,००० लिटरची टाकी बांधली, तर दुपारी चढवलेले पाणी संध्याकाळी आणि पहाटे नळाला येते. चार युनिटांचे काम त्या टाकीत साठवलेले असते. चार युनिटांची बॅटरी विकत आणली तर ती काही वर्षांत म्हातारी होते. टाकी पंचवीस वर्षे टिकते, आणि गवंडी पाड्यातलाच असतो. आपल्याकडे टाकी हीच बॅटरी.

हे नुसते कागदावरचे नाही. जव्हारमध्ये प्रगती प्रतिष्ठान आणि मोखाड्यात आरोहन यांसारख्या संस्थांनी सौरपंपाने पाणी पाड्यावर चढवण्याची कामे केली आहेत. पाणी वर आले की अर्ध्या-पाऊण एकरात मोगरा लावता येतो, भाजी करता येते. मोगऱ्याची फुले मुंबईच्या बाजारात जातात. ज्याच्या वाडीत मोगरा आहे त्याला दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर कुटुंब न्यावे लागत नाही, आणि त्याच्या मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर एप्रिलपर्यंत टिकते. शिक्षक बंधूंनो, उन्हाच्या भावाशी आपल्या हजेरीपटाचा संबंध आहे तो असा.

पंपाच्या सरकारी योजना आपणांस ठाऊक असाव्यात. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही २०२४ ची. त्यांत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या शेकडा १० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने शेकडा ५ भरायचे आहेत. पंपाची किंमत २ लाख धरली तर आदिवासी शेतकऱ्याचा वाटा १० हजारांचा. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. ती पाच वर्षांची हमी लेखी घ्या आणि कागद जपून ठेवा.

घरच्या छपरासाठी २०२४ ची 'पीएम सूर्यघर' योजना आहे. एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची आणि रात्री तितकी परत घ्यायची. शेजारणीला पायलीभर तांदूळ उसने देऊन पुढे परत घ्यावे तसे. पण त्याला पक्के छप्पर आणि तारेची जोडणी लागते. जव्हार शहरात ते जमेल. कातकरी बांधवांच्या झोपडीला ते कसे जमावे? त्यांच्यासाठी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानात, जिथे तार नेणे परवडत नाही अशा घरांना ३०० वॉटचा स्वतंत्र संच देण्याची तरतूद झाली. ३०० वॉटच्या प्लेटांतून चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा युनिटाच्या जवळपास वीज मिळते. त्यात तीन-चार दिवे, एक पंखा आणि मोबाइल भागतो. शेगडी किंवा इस्त्री लावली तर संच बसेल. हे आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर संचालाच दोष येतो.

आता पुन्हा त्या विझलेल्या खांबाकडे. तो दिवा कोणी बसवला होता, ते मी इथे सांगत नाही. असे खांब एकाने बसवलेले नाहीत आणि एकाच पाड्यावर नाहीत. दिवा विझला याचे कारण सूर्य नव्हे, प्लेटही नव्हे. बॅटरी तीन-चार वर्षांत जाणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते, पण तिच्यासाठी पैसे कोणी बाजूला ठेवले नव्हते. देशाच्या हिशेबात तो खांब उभा झाल्याच्या दिवशी पूर्ण झाला, आणि पाड्याच्या हिशेबात तो दिवा विझल्याच्या दिवशी संपला. हे दोन हिशेब जुळवणे हेच डोंगरी भागासाठी खरे दरधोरण होय. मोठ्या लिलावात कंपनीला युनिटाप्रमाणे पैसे मिळतात. वीज दिली नाही तर पैसा नाही. मग पाड्यावरच्या कामालाच खांबाप्रमाणे पैसे का? इथेही बसवल्याबद्दल थोडे आणि पाच वर्षे चालू ठेवल्याबद्दल दरसाल थोडे, असे द्यावे. खांबाला पैसे देऊ नयेत, उजेडाला द्यावेत. आणि दुरुस्तीचा माणूस नाशिक-ठाण्याहून यायची वाट का पाहावी? जव्हारच्या आयटीआयमध्ये आपली मुले शिकतात, 'सूर्यमित्र' नावाचे सरकारी प्रशिक्षण २०१५ पासून आहे. दर पाच-दहा पाड्यांमागे एक हुशार मुलगा किंवा मुलगी तयार झाली तर दुरुस्तीही होईल आणि एका घराची चूलही पेटेल.

थोडे आपल्याही हाती आहे. तीस घरांच्या पाड्याने घरटी महिना २० रुपये काढले तर वर्षाला ७,२०० आणि पाच वर्षांत ३६,००० रुपये जमतात. पाड्यावरच्या एकदोन खांबांच्या बॅटऱ्या त्यात बदलून होतात, पंपाची किरकोळ दुरुस्तीही निघते. हा पैसा बचत गटाच्या खात्यावर ठेवा, त्याचा हिशेब होळीला पाड्यासमोर वाचा. बोहाड्याला आपण वर्गणी काढतोच की, उजेडाचीही काढावी.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हा विषय पाठ करून घेऊ नका, करवून घ्या. पाचवी-सहावीच्या मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा आणि युनिटे कुठे लिहितात ते शोधू द्या. मैदानात काठी रोवून दर महिन्याला दुपारची सावली मोजा. जव्हार सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. आकाश उघडे असेल तर ती गंमत मुले जन्मभर विसरणार नाहीत. त्यावरूनच सांगता येईल की आपल्याकडे प्लेट दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंश कलती का ठेवतात. आणि प्लेटेवर धूळ व झाडाची सावली का नसावी, हे तर मुले स्वतःच सांगतील.

श्रोतेहो, आपल्या मोखाड्यात सूर्यमाळ आहे, आपल्या डोंगरातून सूर्या नदी वाहते. ज्या भूमीने आपल्या माळाला आणि नदीला सूर्याचे नाव दिले, तिथल्या दिव्यांनी दोन पावसाळ्यांत विझावे हे बरे नव्हे. त्या आजींना मी आता असे सांगेन: "आजी, ऊन देवाचंच आहे, त्याला पैसा नाही. पैसा आहे तो ऊन धरायच्या भांड्याला, ते सांभाळायला आणि रात्रीसाठी राखून ठेवायला. भांडं सरकारनं द्यावं, सांभाळायला तुमची नात शिकावी, आणि राखायचं काम तुम्ही-आम्ही मिळून करावं." पुढच्या शिबिराला मुलांना घेऊन मी पुन्हा त्या पाड्यावर जाणार आहे. शेळी बांधायला आम्ही वेगळा खुंट घेऊन जाऊ.